सुट्टी विथ स्टायपेंड

शुक्रवारची संध्याकाळ. हिंजवडीतून निघालेली कॅब वाकडच्या पुलाजवळ येऊन जी थांबली, ती थांबलीच. कानात हेडफोन, डोळे अर्धे मिटलेले, डोक्यात वीकेंडचे प्लॅन. आणि फोन वाजला. मावसबहिणीचा. ही आमची धाकटी बार्शीची. सोलापूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, ब्रँच ईएनटीसी.

"दादा, पटकन सांग. 'पॅशनेट'पेक्षा भारी शब्द कुठला?"

मी ताडकन उठून बसलो. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. हा प्रश्न माझ्या चांगल्याच ओळखीचा आहे, बॉस. हा प्रश्न विचारणारा माणूस कुठला तरी अर्ज भरत असतो आणि तो अर्ज हमखास चुकीच्या दिशेने निघालेला असतो.

"कसला फॉर्म भरतेयस?"

"समर रिसर्च फेलोशिप. दोन महिने लॅबमध्ये काम. वर पैसेपण देतात. दादा, खरंच देतात का रे?"

खरंच देतात. आता तुम्ही म्हणाल, आम्ही ऑफिसात बसून एक्सेलच्या शिटा भरणारी माणसं, आमचा या भानगडीशी काय संबंध? थांबा जरा. तुमच्याही घरात एखादी धाकटी, एखादा चुलतभाऊ, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा असेल. त्याला सीव्ही बघून द्यायला सगळ्यात आधी तुम्हीच आठवता, कारण 'तू आयटीत आहेस ना'. तेव्हा वाचाच.

तिऱ्याहत्तर मेल आणि एक उत्तर

आधी माझीच फजिती सांगतो. डिसेंबर २०१३. मी सेकंड इयरला. हॉस्टेलमध्ये कुणीतरी बातमी आणली, की प्रोफेसरांना थेट मेल टाकला की उन्हाळ्यात रिसर्चची जागा मिळते. झालं! रात्री अकरा ते पहाटे तीन, चहाचे चार राउंड, आणि तिऱ्याहत्तर प्रोफेसरांना एकच मेल. 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम डीपली पॅशनेट अबाउट युवर रिसर्च.' रिसर्च कुठला? ते मला माहीत नव्हतं. कॉपी, पेस्ट, नाव बदल, सेंड.

बहात्तर जणांनी उत्तर दिलं नाही. एकाने दिलं. मी आनंदाने उडालो, मेल उघडला. दोनच ओळी होत्या. त्यांचा मथितार्थ असा, की तुम्ही ज्यांचं नाव वर लिहिलंय ते आमच्या शेजारच्या खोलीत बसतात, आणि ते सर नसून मॅडम आहेत. शुभेच्छा.

त्या उन्हाळ्यात मी अॅप्टिट्यूडचा क्लास केला. ट्रेन, नौका आणि नळ-टाकीची गणितं. पुढे नोकरी लागली, ती छान चालली आहे, तक्रार नाही. पण तो मेल आठवला की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

त्यामुळे धाकटीला म्हटलं, आत्ता काही लिहू नकोस. मी दिवाळीला येतोय. बसू.

हा फंडा आहे तरी काय?

कॉलेजात असतानाच विद्यार्थ्याला खऱ्या प्रयोगशाळेत बसवायचं, खरा प्रश्न द्यायचा आणि त्याचे पैसेही द्यायचे, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये मार्गारेट मॅकविकर यांनी १९६९ साली 'यूरॉप' सुरू केलं. कॅलटेकचं 'सर्फ' १९७९ चं. १९८७ पासून तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची 'आरईयू' योजना आहे. नेटवर शोधलं की सगळ्यात आधी हीच सापडते. मुलं रात्र-रात्र तिच्या जाहिराती वाचतात आणि शेवटच्या पानावर कळतं, की ते पैसे अमेरिकन नागरिक आणि तिथल्या कायमच्या रहिवाशांसाठी आहेत. आधी शेवटचं पान वाचा, एवढंच सांगेन.

आपल्याकडे काय आहे? बरंच आहे, आणि बार्शीपर्यंत त्याची बातमी पोचत नाही ही खरी गोची आहे. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी, या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची समर फेलोशिप देत आल्यात. ती फक्त आयआयटीवाल्यांसाठी नाही. साध्या बीएस्सीची, साध्या कॉलेजातल्या इंजिनीअरिंगची मुलंही तिच्यातून देशभरातल्या प्रयोगशाळांत जातात. मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम आहे, 'व्हीएसआरपी'. मानखुर्दला होमी भाभा केंद्रात २००४ मध्ये 'निअस' सुरू झालं. पुण्यात आयुका आहे. बंगळुरात जक्कूरला जवाहरलाल नेहरू केंद्र आहे. परदेशच हवा असेल, तर जर्मनीच्या डाडची 'वाइज' आणि कॅनडाच्या मायटॅक्सची बारा आठवड्यांची 'ग्लोबलिंक' ही नावं ऐकून ठेवा. 'वाइज'ला आधी जर्मन प्रोफेसरचं पत्र मिळवावं लागतं, 'ग्लोबलिंक'मध्ये प्रोजेक्टच्या यादीतून निवडायचं असतं. दोन्हींचे नियम आणि कॉलेजांच्या अटी बदलत असतात. त्या-त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण, सीनियरचा व्हॉट्सअॅप मेसेज नाही.

जुने लोक अजून 'केव्हीपीवाय दे' म्हणतात. १९९९ साली सुरू झालेली ती योजना २०२२ मध्ये 'इन्स्पायर'मध्ये विलीन झाली. इन्स्पायरची 'शी' स्कॉलरशिप मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी आहे, इंजिनीअरिंगला नाही. तिचे वर्षाला ८० हजार रुपये. त्यातले ६० हजार हातात, आणि २० हजार उन्हाळ्यात एखाद्या शास्त्रज्ञाकडे प्रोजेक्ट करण्यासाठी. माझ्या ओळखीतल्या दोघी साठ घेऊन गप्प बसल्या होत्या. वीसचं काय, म्हटलं तर एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या!

आणि हो, याच्या बरोब्बर उलटा एक धंदा जोरात आहे. 'इंटर्नशिप' नावाचा. पाच-सात हजार भरा, सहा व्हिडिओ बघा, सर्टिफिकेट घ्या. संशोधनाची जागा विद्यार्थ्याला पैसे देते, त्याच्याकडून घेत नाही. कुणी 'ट्रेनिंग फी' मागितली की टॅब बंद करायची.

गच्चीवरचं प्रकरण

दिवाळीत बार्शीला गेलो. फराळ झाला, मावशीच्या हातच्या शेंगाच्या पोळ्या झाल्या, आणि आम्ही लॅपटॉप घेऊन बसलो. अकादम्यांच्या अर्जात एक छोटं टिपण लिहायचं असतं: कशावर काम करायचंय आणि का. दीडशे ते अडीचशे शब्द. धाकटीचं टिपण तयार होतं. पहिलं वाक्य: लहानपणापासून मला अवकाशाचं प्रचंड आकर्षण आहे. दुसऱ्यात कल्पना चावला. तिसऱ्यात देशाची प्रगती. चौथ्यात पुन्हा एकदा प्रचंड आकर्षण.

"हे सगळ्यांनी लिहिलेलं असणार गं," मी म्हटलं.

"मग मी काय वेगळं लिहू? माझ्याकडे पेपर नाही, पेटंट नाही. सीजीपीए सात पॉइंट चार."

"एम-थ्री?"

"निघाला. दुसऱ्या अटेम्प्टला." ती पडेल आवाजात म्हणाली. मग विषय बदलायचा म्हणून, "चल गच्चीवर, तुला गंमत दाखवते."

गच्चीवर मावशीच्या सांडग्यांच्या खाटेशेजारी एक अजब वस्तू बांधली होती. पडद्याच्या अॅल्युमिनियमच्या रॉडचे दोन तुकडे, प्रत्येकी त्रेपन्न सेंटीमीटर, इंग्रजी 'व्ही'सारखे फाकवलेले. केबलवाल्याकडून आणलेली वायर. खाली लॅपटॉपला एक डोंगल, मुळात टीव्ही बघण्यासाठी बनलेल्या चिपवर चालणारं. या जुगाडावर पोरीने वर्षभर अमेरिकेच्या 'नोआ' हवामान उपग्रहांची चित्रं पकडली होती! हे उपग्रह डोक्यावरून साधारण साडेआठशे किलोमीटर उंचीवरून जायचे आणि १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास सतत चित्र पाठवत राहायचे, सेकंदाला दोन ओळी. कानाला नुसती टिकटिक. लॅपटॉपवर मात्र हळूहळू अरबी समुद्रावरचे ढग, मग श्रीलंकेचा थेंब. २०२५ मध्ये ते उरलेले तिन्ही उपग्रह एकेक करून बंद केले गेले. शेवटचा ऑगस्टमध्ये. तिच्याकडे तोवर चाळीसेक चित्रं जमली होती.

"आणि हे पांढरे पट्टे कसले?" मी विचारलं. काही चित्रांवर जाड रेघा होत्या.

"तीच तर कटकट. संध्याकाळी सातनंतरच्या चित्रांवरच यायचे. मी वहीत वेळा लिहायला लागले. दुपारी नाही, सकाळी नाही, फक्त संध्याकाळी. मला वाटलं अँटेना खराब. मग एक दिवस शेजारच्या काकू गावाला गेल्या आणि पट्टे गायब!"

काकूंच्या जिन्यातली स्वस्त एलईडी ट्यूब. तिच्या आतली छोटी सर्किट रेडिओलहरी ओकत होती. काकू परत आल्यावर हिने त्यांना पाच मिनिटं ट्यूब बंद, पाच मिनिटं चालू असं करायला लावलं. काकूंना वाटलं, पोरीला अभ्यासाचा ताप चढला. मग हिने वायरवर फेराइटची रिंग चढवली. गडबड कमी झाली, गेली नाही. आणि ती काही फ्रिक्वेन्सीला जास्त, काहींना कमी का, हे तिला अजून उमगलेलं नव्हतं.

मी कपाळावर हात मारला. "अगं बाई, हे लिही ना!"

"हे? हे काय लिहायचं? ट्यूबलाइटचं?"

हो, ट्यूबलाइटचंच. तिला आठवण करून दिली, की नववीत असताना शाळेच्या सहलीत ती विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला गेली होती. जीएमआरटी बघायला. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, आणि जवळ जाताना मोबाइल बंद करा म्हणून तंबी. का? तर तुमच्या खिशातला फोनही अवकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींपुढे बोंबलत असतो. तिथल्या दुर्बिणीचा एक पट्टा साधारण १२५ ते २५० मेगाहर्ट्झचा आहे. म्हणजे काकूंची ट्यूब ज्या जागी त्रास देत होती, तीच जागा! मोठ्या दुर्बिणींवरचे लोक याच उपद्रवाशी लढतात, फक्त त्यांच्याकडे फेराइटच्या रिंगपेक्षा जास्त हत्यारं आहेत.

रात्री दोनपर्यंत आम्ही लिहीत आणि खोडत होतो. 'पॅशनेट' गेलं. 'देशाची प्रगती' गेली. कल्पना चावलांचं वाक्य काढताना ती रुसली, कारण तिच्या खोलीत त्यांचा फोटो आहे आणि तो खरा आहे. मी म्हटलं, फोटो राहू दे, वाक्य काढू. शेवटी उरलं ते असं: मी काय बांधलं, काय बिघडलं, कारण कसं शोधलं, कुठे अडले, आणि आता मला रिसीव्हरमधला असा उपद्रव ओळखून वेगळा करणं शिकायचंय. दोनशे चौदा शब्द. शेवटचं वाक्य प्रश्न होता. बहुतेक अर्जांत उत्तरंच असतात, त्यामुळे मला तो फार आवडला. प्रयोगशाळेत माणूस प्रश्न घेऊनच जातो ना?

माझं मत विचाराल, तर सीजीपीए बदलता येत नाही आणि कॉलेजचं नावही नाही. ते दोनशे शब्द तेवढे आपल्या हातात असतात. बहुतेक मुलं तेच सगळ्यात शेवटी, डेडलाइनच्या रात्री लिहितात. आम्हीही काही फार वेगळे नव्हतो म्हणा.

सही कुणाची?

अर्जासोबत शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. इथे घरात दोन पार्ट्या पडल्या. काका म्हणाले, एचओडींचं घ्या, वजन पडतं. एचओडींना धाकटी भेटलीसुद्धा. ते म्हणाले, "तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो." म्हणजे त्यांचा दोष नाही. दोनशे मुलांच्या डिपार्टमेंटमध्ये त्यांना हिचं नावही नीट आठवत नव्हतं.

दुसरे होते कम्युनिकेशनच्या लॅबचे सर. तरुण, सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पगार. पण हिने पट्टे मोजायला स्पेक्ट्रम अॅनालायझर मागितला, तेव्हा किल्ली घेऊन चार शनिवार हिच्यासोबत बसले होते ते हेच. मी म्हटलं, त्यांचंच घे. ज्याने तुला चुकताना बघितलंय, त्याच्या पत्रात मजकूर असतो. बाकीच्यांच्या पत्रात 'सिन्सिअर अँड हार्डवर्किंग' असतं.

सर आनंदाने तयार झाले. मग कळलं, सीएचबीवाल्यांना कॉलेजचा ऑफिशियल ईमेलच नसतो! साध्या जीमेलवरून आलेलं पत्र कोण मानणार, अशी सरांनाच धास्ती. ईमेल आयडी बनवायला सिस्टिम अॅडमिनला अर्ज, अर्जावर प्राचार्यांची सही, प्राचार्य मीटिंगला. आठ दिवस गेले. धाकटीला झोप नाही, मला ऑफिसात तिचे दर तासाला मेसेज. आयडी मिळाला तो डेडलाइनच्या दोन दिवस आधी. सरांनी त्याच रात्री पत्र पाठवलं. तिने अजून ते वाचलेलं नाही. वाचायचं नसतंच.

काकांचा जमाखर्च

खरी परीक्षा पुढेच होती. काका आडत दुकानात दिवाणजी आहेत. तीस वर्षं दुसऱ्याचे हिशेब चोख ठेवलेला माणूस. त्यांनी पुण्यातल्या एका प्लेसमेंट क्लासला हिची उन्हाळ्याची सीट धरून ठेवली होती. फी ३५ हजार, त्यातले ५ हजार भरलेले.

"मला एकच सांग," ते मला म्हणाले. "ह्यानं नोकरी लागती का?"

मी खोटं बोलू शकलो असतो. आयटीतला भाचा आहे, माझ्या शब्दाला बार्शीत किंमत आहे. पण जीभ वळली नाही. "नाही काका. सरळ अशी नाही लागत. पुढे एमटेक, पीएचडी करायची असेल तर हे दोन महिने मोलाचे. कंपनीत जायचं असेल तर इंटरव्ह्यूत सांगण्यासारखं खरं काहीतरी असेल. आणि कदाचित तिला दोन महिन्यांत कळेल, की लॅब आपल्यासाठी नाही. तेही होऊ शकतं."

"आन क्लासनं लागती?"

"क्लास केलेल्या सगळ्यांनाही लागत नाही. मला लागली. माझ्या बॅचच्या निम्म्यांना नाही."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी उभी रेघ मारली. एका बाजूला क्लास: फी, पुण्यातली खोली, मेस. दुसऱ्या बाजूला लॅब: तिथून येणारा स्टायपेंड, वजा खोली, वजा जेवण. बेरीज दोनदा केली. मग तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आधी निवड तर होऊ दे." मावशीने मला हळूच डोळ्याने खुणावलं. म्हणजे अर्धं काम झालं होतं.

तिने दोन ठिकाणी अर्ज केले होते. फेब्रुवारीच्या शेवटी एकाचा नकार आला, तोही तिघा-चौघांना एकाच वेळी पाठवतात तसला कोरडा. दोन दिवस फोन बंद. मग मार्चमध्ये, भर मीटिंगमध्ये, माझ्या स्क्रीनवर तिचा मेसेज: नुसती टिकटिक. टिक टिक टिक टिक. सिलेक्शन झालं होतं! बंगळुरातली एक सरकारी प्रयोगशाळा, रिसीव्हर आणि अँटेनाचं काम. मी म्यूट आहे की नाही हे न बघता ओरडलो. म्यूट नव्हतो.

लगेच पुढचं टेन्शन. लॅबने बोलावलं मेच्या मध्यापासून आणि विद्यापीठाच्या परीक्षा चालणार जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. या एका घोळापायी कित्येक मुलं मिळालेली जागा गुपचूप सोडून देतात, कुणाला विचारतच नाहीत. धाकटीही 'नाही जमणार' असा मेल लिहून बसली होती. मी म्हटलं, आधी विचार तरी. तिने गाइडना टाइमटेबल जोडून लिहिलं, की आठ जूनपासून आठ आठवडे चालतील का? उत्तर वीस मिनिटांत आलं. एकच ओळ: परीक्षा आधी द्या, आठला या.

मेल काकांना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुण्याच्या क्लासला फोन लावला, डिपॉझिट परत मागायला. नॉन-रिफंडेबल, असं उत्तर मिळालं. काकांना इंग्रजी कमी कळतं, पण हा शब्द बरोब्बर कळला.

परवा रात्री त्यांचा मला फोन. आवाज एकदम व्यवहारी. "तुझ्या वळखीत कुनी हाय का रं, त्या शिटावर बसवायला? पाच हजार भरल्यात. चारला देतो."